घरची शाळा : उजळणीला स्पॅनिश सोबत

दिवेलागणीस शुभंकरोति झाल्यावर मुलांकडून परवचा म्हणवून घेण्याची चाल आपल्या घरांतून एके काळीं सर्रास होती. तिथि, वार, नक्षत्रें, पाढे, पावकी-निमकी यांचा घोष ओसरीवर चाले, आणि घरांतील कोणी वडील मनुष्य हातांतलें काम न सोडतां चुकलेला आंकडा तेवढा दुरुस्त करी. तो घोष आतां बहुतेक घरांतून थांबला आहे. मोजणी मात्र थांबलेली नाहीं; ती निरनिराळ्या भाषांत वांटली गेली आहे. अमेरिकेंतून सुटींत आलेला नातू 'ऊनो, दोस, त्रेस' म्हणत पायऱ्या चढतो, पुण्याच्या इंग्रजी शाळेंतील त्याची चुलतबहीण 'वन, टू, थ्री' म्हणत मागून येते, आणि आजीनें 'एकोणसत्तर' म्हटलें कीं दोघेंही तिच्या तोंडाकडे पाहूं लागतात. पंगत एक असली तरी मोजणी एक राहिलेली नाहीं, असें पुष्कळ कुटुंबांचें आजचें चित्र आहे.

अशा स्थितींत लहान मुलांना स्पॅनिश आंकडे शिकवावे काय, असा प्रश्न निघाला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मराठीच धड येत नाहीं, तेथें ही तिसरी उठाठेव कशाला? दुसरा म्हणतो, येईल ती विद्या येऊं द्यावी. मुलांच्या डोक्यांत जागेची वाण नसते. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. परंतु आमचें कारण निराळें आहे. स्पॅनिश मोजणीचा आपल्या मुलांस खरा उपयोग मराठी मोजणी समजण्याच्या कामीं होतो, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें या वेळीं सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम ही मोजणी आपल्या घरांत आली कोठून तें पाहूं. स्पॅनिश ही आज वीस देशांची राजभाषा आहे आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इंग्रजीच्या खालोखाल तीच बोलली जाते. तेथें १९६९ पासून चालत आलेल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमांतून बाळांच्या कानांवर स्पॅनिश आंकडे पडत आले आहेत, आणि पुष्कळ बालशाळांतून ते खेळाखेळांत म्हणवून घेतात. त्यामुळें तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलें ही मोजणी कोणी मुद्दाम न शिकवितांच घेऊन येतात.

ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, स्येते, ओचो, न्वेवे, द्येस, हे एक ते दहा. स्पेन देशाच्या बहुतेक भागांत 'सिंको' आणि 'द्येस' यांतील स चा उच्चार थ सारखा करितात. अमेरिका खंडांत तो स च राहतो. आपल्या मुलांना हे उच्चार इंग्रजी मुलांपेक्षां सोपे जातात, कारण स्पॅनिश भाषेंतील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, आणि स्वर आ, ए, इ, ओ, उ असे पांचच असून ते स्वच्छ आहेत. देवनागरींत हे शब्द लिहून ठेवले तर आजीसही ते सहज वाचतां येतात.

शिवाय हे शब्द अगदीं परके नाहींत. त्रेस शेजारीं त्रि ठेवा, स्येते शेजारीं सप्त, ओचो शेजारीं अष्ट, न्वेवे शेजारीं नव, द्येस शेजारीं दश. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्ता येथें संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्या, असें प्रतिपादन केलें होतें. स्पॅनिश ही त्यांतील लॅटिनची मुलगी. ज्या घरांत आजोबांना थोडें संस्कृत येतें तेथें हें नातें नातवास दाखविण्यास पांच मिनिटेंही लागणार नाहींत, आणि त्याला त्याची गंमत वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आतां दहाच्या पुढें जाऊं. ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से, हे अकरा ते पंधरा निवळ पाठ करावे लागतात. सोळापासून मात्र रीत बदलते. सोळा म्हणजे द्येसिसेइस, 'दहा आणि सहा'; सतरा म्हणजे द्येसिस्येते, 'दहा आणि सात'. वीस म्हणजे बेइंते, एकवीस म्हणजे बेइंतिऊनो. तीस म्हणजे त्रेइंता, आणि एकतीस म्हणजे 'त्रेइंता ई ऊनो'. यांतील 'ई' म्हणजे 'आणि'. पुढें क्वारेंता, सिंक्वेंता, सेसेंता, सेतेंता, ओचेंता, नोवेंता हीं दशकें, आणि शंभर म्हणजे स्येन. हिशेब केला तर एक ते पंधरा हे पंधरा शब्द, वीस ते नव्वद हे आठ आणि शंभराचा एक, असे अवघे चोवीस शब्द पाठ झाले कीं मूल शंभरापर्यंत पोंचतें. बाकीचे आंकडे तें स्वतः जुळवितें.

आपल्या उजळणीची गोष्ट निराळी आहे. 'दोन' हा एकच आंकडा बारा, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी यांमध्यें बा, ब, बे, ब्या अशीं चार रूपें घेतो. पन्नास हे एक्कावन्नांत 'वन्न' होतात, त्रेपन्नांत 'पन्न'. सत्तरांचें एकाहत्तरांत 'हत्तर' होतें. नवांची तर तऱ्हाच वेगळी. एकोणीसापासून एकोणनव्वदापर्यंत आठ ठिकाणीं पुढच्या दशकांतून एक उणा करावयाचा, आणि नव्व्याण्णवास मात्र एकाएकीं नव्वदांत नऊ मिळवावयाचे! मोठ्या माणसास यांतील नियम शोधतां येतात. मुलास मात्र शंभर शब्द जवळजवळ शंभर वेळां पाठ करावे लागतात.

याहून मोठी अडचण क्रमाची आहे. आपण लिहितांना दशक आधीं लिहितों आणि बोलतांना एकक आधीं बोलतों. 'चोवीस' म्हणतांच मुलाच्या कानीं चार आधीं पडतात, म्हणून तें पाटीवर आधीं चार काढतें, आणि ४२ होऊन बसतात. वडील मंडळी रागावतात. परंतु हा मुलाच्या बुद्धीचा दोष नव्हे. जर्मन भाषेंतही चोविसांस 'चार आणि वीस' म्हणतात, आणि तिकडील मुलेंही अशीच उलटापालट करितात. उलट, चिनी भाषेंत अकरा म्हणजे सरळ 'दहा-एक', बारा म्हणजे 'दहा-दोन'. मिलर आणि स्टिग्लर या अमेरिकन संशोधकांनीं १९८७ सालीं चिनी व अमेरिकन मुलांच्या मोजणीची तुलना प्रसिद्ध केली. तींत दहापर्यंत दोघांची गति सारखी दिसली. अमेरिकन मुलें अडखळलीं तीं दहा आणि वीस यांच्या दरम्यान, म्हणजे जेथें इंग्रजी शब्द आंकड्याची घडण लपवितात नेमक्या त्या ठिकाणीं.

ही अडचण दूर करण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रांत झाला, आणि त्यावरून उठलेलें वादळ वाचकांच्या स्मरणांत असेल. २०१९ च्या जून महिन्यांत बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस म्हणजे 'वीस एक', त्रेसष्ट म्हणजे 'साठ तीन' अशी वाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनीं भरलेले आणि उलट्या क्रमाचे शब्द लहान मुलांना जड जातात, दक्षिणेकडील भाषांत दशक आधीं बोलतात, आणि जुनी रीतही पुस्तकांत कायम आहे, असें त्यांचें सांगणें होतें. तरी वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळांतही त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. 'गणितगप्पा' लिहून मुलांच्या मनांतील गणिताची भीति घालविण्यासाठीं झटलेल्या या विदुषी २०२३ सालीं निवर्तल्या. त्यांनीं दाखविलेली अडचण मात्र खरी होती, हें त्यांच्या टीकाकारांच्या घरांतील पाट्यांवरही दिसून आलें असतें.

टीकाकारांच्या म्हणण्यांतही तथ्य होतें, हें नाकारतां येत नाहीं. आंकड्यांचीं नांवें बाजारांत, पंचांगांत, म्हणींत आणि आजीच्या बोलण्यांत रुजलेलीं असतात. तीं सरकारी पुस्तकांतून उपटून काढतां येत नाहींत. नॉर्वे देशानें तसा प्रयत्न करून पाहिला. तेथेंही 'एक आणि वीस' म्हणण्याची चाल होती. दूरध्वनीचे आंकडे सांगतांना घोटाळे होतात म्हणून पार्लमेंटच्या संमतीनें १ जुलै १९५१ पासून 'वीस-एक' ही रीत अधिकृत झाली. शाळांनीं ती शिकविली आणि ती पुष्कळ रुजली. परंतु सत्तर वर्षें उलटल्यावरही जुनी रीत घरांतून आणि बाजारांतून ऐकूं येतेच.

स्पॅनिश भाषेनेंही आपली मोजणी पालटली आहे, पण ती हुकुमानें नव्हे. तिच्या आईची, म्हणजे लॅटिनची, मोजणी आपल्या मोजणीच्या फार जवळची होती. लॅटिनांत एकोणिसांस 'विसांतून एक उणा' अशा अर्थाचा शब्द होता. तो म्हणजे आपला 'एकोणीस'च. अठरांससुद्धां 'विसांतून दोन उणे' म्हणत. स्पॅनिशनें हे दोन्ही शब्द टाकून 'दहा आणि आठ', 'दहा आणि नऊ' असे सरळ शब्द केले. अकरा ते पंधरा हे जुने शब्द मात्र झिजून तसेच राहिले. लेंकीनें आईचीं कांहीं भांडीं मोडींत काढलीं आणि कांहीं जपून ठेविलीं, असाच हा प्रकार झाला. भाषेचा संसार असाच चालतो.

मग आपण घरांत काय करावें? आमचें म्हणणें असें कीं, दोन्ही नांवें असूं द्यावीं. मुलाचें पाळण्यांतलें नांव एक असतें आणि हांक मारण्याचें दुसरें; म्हणून कोणी मूल बदललें असें म्हणत नाहीं. 'साठ तीन' हें आंकड्याची घडण सांगणारें नांव, आणि 'त्रेसष्ट' हें हांक मारण्याचें. येथेंच स्पॅनिशची सोबत कामास येते. नुसतें 'साठ तीन' म्हटलें तर घरचीं मोठीं माणसें हंसतात, आणि मुलासही तें बोबडें बोलणें वाटतें. पण कोट्यवधि लोक रोज बाजारांत 'सेसेंता ई त्रेस', म्हणजे 'साठ आणि तीन', असें गंभीरपणें म्हणतात हें कळलें, म्हणजे तें हंसूं मावळतें. मुलाला कळतें कीं वस्तूंचा ढीग एकच आहे, आणि त्याला नांव ठेवण्याच्या रीति देशोदेशीं निराळ्या आहेत. गणितांतील ही पहिली मोठी समजूत होय. ती एकाच भाषेंत मोजणाऱ्या मुलास पुष्कळ उशिरां येते.

ज्या मढ गांवीं बसून आम्ही हें लिहीत आहों तें जुन्नर तालुक्यांत, माळशेज घाट चढून वर आलें म्हणजे लागतें. याच तालुक्याच्या पश्चिम कडेवर नाणेघाट आहे. तेथील लेण्यांत सातवाहनांच्या राणी नागनिकेचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा शिलालेख कोरलेला असून त्यांत यज्ञांत दिलेल्या दक्षिणांचे आंकडे आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७६ सालीं या आंकड्यांवर निबंध लिहिला. त्या काळीं शून्य आणि स्थानमूल्य यांची रीत नव्हती. दहांस एक खूण, विसांस दुसरी, शंभरांस तिसरी. सतरा लिहावयाचे तर दहाची खूण आधीं आणि सातांची नंतर. चोवीस हजार चारशें कार्षापणें लिहितांना वीस हजार, चार हजार आणि चारशें अशा खुणा ओळीनें कोरल्या आहेत. म्हणजे तोंडानें 'सप्तदश' या वळणाचा शब्द म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांची छिन्नी मात्र 'दहा-सात' असेंच लिहीत होती. जीभ आणि लेखणी यांचा हा बेबनाव दोन हजार वर्षांचा आहे. आजच्या मुलाची पाटी त्याची शेवटची साक्षीदार.

याच ब्राह्मी अंकांच्या वंशांतून पुढें आपले देवनागरी अंक निघाले, आणि अरबांच्या हातून तेच अंक पश्चिमेकडे गेले. युरोपांतील त्यांचा सर्वांत जुना उपलब्ध लेख कोठें सांपडतो म्हणाल, तर स्पेनमध्येंच! त्या देशाच्या उत्तर भागांत आल्बेल्दा येथील मठांत विगिला नांवाच्या ख्रिस्ती भिक्षूनें ९७६ सालीं पुरी केलेल्या पोथींत एक ते नऊ हे अंक काढले आहेत आणि ते हिंदी लोकांच्या बुद्धीचें फळ म्हणून त्यांची वाखाणणी केली आहे. शून्य तेवढें तींत नाहीं. हें लक्षांत घेतलें म्हणजे नातवाचें 'ऊनो, दोस' हें घरांत शिरलेलें परकें बोलणें वाटत नाहीं. ज्या मुलुखानें आपले अंक आदरानें उतरून घेतले, तेथील शब्द आज आपल्या ओसरीवर पाहुणे आले आहेत, इतकेंच.

आतां प्रत्यक्ष पद्धति सांगतों. चार वर्षांच्या आंतील मुलास एक ते दहा एवढेच आंकडे, तेही पायऱ्या चढतांना, फुलें परडींत टाकतांना, पोळ्या मोजतांना म्हणूं द्यावे. एक दिवस मराठी, एक दिवस स्पॅनिश. येथें पुस्तक नको, पाटीही नको.

पांच-सहा वर्षांच्या मुलांसाठीं खराट्याच्या शंभर काड्या सारख्या तोडून घ्याव्या आणि दहा-दहांच्या जुड्या दोऱ्यानें बांधाव्या. काड्या नसल्यास चिंचोके आणि दहा वाट्या चालतील. सहा जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलापुढें ठेवाव्या. मुलानें हात लावून म्हणावें, 'साठ तीन'. मग सर्वांनीं मिळून, 'सेसेंता ई त्रेस'. मग आजीनें म्हणावें, 'त्रेसष्ट', आणि मुलानें तें दोनदां म्हणावें. अखेरीस पाटीवर ६३ लिहावे. आधीं हात, मग घडण, मग नांव, मग अंक, हा क्रम मोडूं नये. एका संध्याकाळीं एकच दशक घ्यावें.

'एकोण'च्या शब्दांसाठीं याहून गंमतीचा खेळ आहे. सात जुड्या मांडाव्या आणि एकींतून एक काडी काढून घ्यावी. सत्तरांतून एक उणा, म्हणून एकोणसत्तर. मग ती सुटलेली जुडी मोकळी करून सहा जुड्या आणि नऊ काड्या दाखवाव्या : 'सेसेंता ई न्वेवे', साठ आणि नऊ. एकाच ढिगाकडे मराठी माणूस वरून उतरून आला आणि स्पॅनिश माणूस खालून चढून आला. जें मूल हें एकदां पाहतें त्यास एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांचा घोटाळा सहसा होत नाहीं, आणि वजाबाकीचा पहिला धडा नांव न घेतांच होऊन जातो.

मोजावयाच्या वस्तु शक्य तों खऱ्या असाव्या. आमच्या भागांत नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचे क्रेट वीस-वीस किलोंचे असतात. तीन क्रेट म्हणजे किती, हें मुलास चटकन् सांगतां येतें. पिंपळगांव जोगे धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले कीं त्यांचे थवे मोजण्याचा खेळ दोन भाषांत रंगतो. शहरांतील मुलांनीं जिने मोजावे, आगगाडीचे डबे मोजावे.

दोन गोष्टींची सावधगिरी अवश्य ठेवावी. पाहुण्यांपुढें मुलास उभें करून स्पॅनिश आंकडे म्हणवून घेऊं नयेत. त्यानें विद्येचा खेळ होतो आणि खेळाची विद्या होत नाहीं. दुसरें, स्पॅनिश आली म्हणून मराठी उजळणी सोडूं नये. सोबतीण घरीं आली म्हणून कोणी घरच्या लेंकीस बाहेर काढीत नाहीं. मराठी आंकडे हरवले तर केवळ शब्द हरवत नाहींत. आजोबांचें वय, आईच्या लग्नाचा शक, भाजीचा भाव, घराचा क्रमांक, हें सगळें घरांतल्या घरांत एकमेकांस सांगण्याची सोय नाहींशी होते. आजीचा हिशेब नातवास कळेनासा झाला कीं दोघांचें बोलणें हळूहळू 'जेवलास का' एवढ्यावर येऊन थांबतें. ही हानि कोणत्याही परीक्षेंत दिसत नाहीं, म्हणून ती अधिक.

तिच्यावरचा उपाय देवाणघेवाणीचा आहे. परदेशाहून आलेल्या नातवानें आजीस रोज पांच स्पॅनिश आंकडे शिकवावे आणि आजीनें त्यास रोज पांच मराठी. आजी 'कातोर्से' म्हणतांना अडखळली कीं नातू तिला सांवरून घेईल. मग 'चौऱ्याहत्तर' म्हणतांना आपण अडखळलों तर त्यास लाज वाटणार नाहीं. ज्या घरांत वडील मंडळी शिकतांना दिसतात तेथें मुलांना शिका म्हणून सांगावें लागत नाहीं. सुटी संपेपर्यंत रोजची पांच मिनिटें पुरेत. वाचक-भगिनींनीं हा प्रयोग आपापल्या ओसरीवर करून पाहावा, अशी आमची विनंति आहे.